खाडीचं की बाहेरचं?

२०१० साली गटारीचा रविवार ८ ऑगस्टला आला होता. आदल्या दिवशी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा एका अंगावर कलंडलं, त्यावरचे शेकडो कंटेनर पाण्यात पडले, त्यांतल्या काहींत कीटकनाशकं होती, आणि टाक्यांमधलं सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. रविवारी बहुतेकांना याचं गांभीर्य कळलेलं नव्हतं, त्यामुळे गटारी ठरल्याप्रमाणे दणक्यात पार पडली. मग पुढच्या दोन दिवसांत बातम्यांचा सूर बदलला. उरण-अलिबागकडे तेलाचा तवंग, वाळूत काळे गोळे, खारफुटीच्या मुळांना डांबरासारखा थर. मासे काही दिवस खाऊ नका, असं सांगण्यात आलं.

आणि ११ तारखेला श्रावण लागला. आमच्यासारख्या श्रावण पाळणाऱ्या घरांचा प्रश्न पंचांगानं परस्पर सोडवला. जे पाळत नव्हते ते चिकनवाल्याच्या रांगेत उभे राहिले. ठाण्याच्या बाजारात मासळीची बाजू मात्र ओस पडली. आईची नेहमीची कोळीण पाटीत बर्फ जास्त आणि मासे कमी घेऊन बसलेली असायची. तिच्याकडे त्या दिवसांत होते ते आंध्रातल्या तळ्यांतले रोहू-कटला. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, मुंबईच्या बंदराशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण तेही कुणी घेईना. "त्याल तिकडं सांडलं नि पाप माझ्या पाटीत," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

नारळी पौर्णिमा २४ तारखेला होती. दर्याला नारळ वाहून होड्या निघाल्या, मासे यायला लागले, तरी गिऱ्हाईक पहिला प्रश्न तेलाचाच करायचं. वर्षभरानं, ४ ऑगस्ट २०११ला, 'रॅक कॅरियर' नावाचं कोळसा भरलेलं जहाज मुंबईजवळ बुडालं. पुन्हा तवंग, पुन्हा तेच प्रश्न. मग हळूहळू सगळे विसरले.

प्रदूषणामुळे माणसं मांसाहार सोडतात का, या प्रश्नावर मी बरंच काही वाचलं आहे. पण माझ्या ओळखीपाळखीत, ठाणे-मुलुंड-ऐरोली या पट्ट्यात, घाण पाण्याच्या भीतीनं शाकाहारी झालेला एकही माणूस मला माहीत नाही. माणसं ताट बदलत नाहीत, ताटातला तुकडा बदलतात. माशावरून कोंबडीवर जातात, खाडीवरून समुद्रावर जातात, बाजारातल्या पाटीवरून मोबाईलवरच्या ऍपवर जातात, बोंबलावरून बिनकाट्याच्या बासा माशावर जातात. प्रत्येक वेळी आपण शहाणपणानं वागलो असं त्यांना वाटतं. आणि प्रत्येक वेळी फटका बसतो तो पाटी घेऊन बसलेल्या बाईला. पाणी जिनं बिघडवलं नाही, नेमका तिलाच जाब विचारला जातो.

माझ्या आजीच्या काळी 'खाडीचं' म्हणजे कौतुकाचं असायचं. चेंदणी कोळीवाड्यातली कोळीण दारावर यायची. तिनं "खाडीची कोलंबी हाय" म्हटलं की आजी भाव करणं सोडून द्यायची, असं आई सांगते. खाडीची चिंबोरी भरलेली, खाडीची कोलंबी गोड, बोय चवीला समुद्राच्या माशापेक्षा मऊ. निवट्यांसाठी आमचे आजोबा पाहुण्यांनाही ताटकळत ठेवायचे. निवटी हा चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. आगरी-कोळी घरांत त्याचं कालवण म्हणजे अजूनही सणाचा बेत. मिठागराच्या बांधावर, खारफुटीच्या चिखलात कमरेपर्यंत उतरून ती हातानं पकडायची. ठाण्याची खाडी तेव्हा गावाचं कोठार होती.

मग साठच्या दशकात खाडीच्या पलीकडे ठाणे-बेलापूरची औद्योगिक पट्टी उभी राहिली. रसायनांचे कारखाने आले, त्यांच्यापाठोपाठ वस्ती आली, वस्तीचं सांडपाणी आलं, मुलुंड आणि देवनारचे कचऱ्याचे डोंगर खाडीच्या काठालाच रचले गेले. चेंदणीच्या बहुतेक घरांनी जाळी गुंडाळून ठेवली आणि पोरं नोकऱ्यांना लागली. आज बाजारात त्याच कोळिणीची सून गिऱ्हाइकानं तोंड उघडण्याआधीच सांगून मोकळी होते, "खाडीचं नाय गो, बाहेरचं हाय." ज्या नावावर सासू चार पैसे जास्त घ्यायची, ते नाव सुनेला लपवावं लागतं.

यातली मजा अशी की, त्याच खाडीकाठी थंडीत सगळं ठाणे-नवी मुंबई कॅमेरे घेऊन फ्लेमिंगो बघायला जातं. २०१५ साली तिथं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली. एवढे पक्षी येतात म्हणजे पाणी आता सुधारलं असणार, असं आमच्या सोसायटीतले एक काका छातीठोकपणे सांगतात. फ्लेमिंगोंची गर्दी वाढण्याचं एक कारण म्हणून अभ्यासक सांगतात ते नेमकं उलटं आहे. सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं आणि ते शेवाळ या पक्ष्यांचं खाणं. काकांना फ्लेमिंगोंवरून खाडी स्वच्छ वाटते आणि कोलंबीवरून घाण वाटते. दोन्ही मतं ते एकाच संध्याकाळी मांडतात.

आई मासे घेते ते बघण्यासारखं असतं. आधी डोळा बघणार. तो बाहेर आलेला, काचेसारखा हवा. मग कल्ला उचलून आतला लाल रंग. मग पोटावर अंगठा दाबून बघणार, खड्डा राहिला तर पाटीत परत. आणि शेवटी मासा सरळ नाकाशी. कोळीण तोंडानं कितीही सांगो, आईचा विश्वास स्वतःच्या नाकावर. हे नाक तिला तिच्या आईनं दिलं, आणि ते शिळा मासा पकडण्यासाठी घडलेलं आहे. त्या कामात ते चुकत नाही.

तेलही ते पकडतं. एकदा बोय आणली होती. कच्ची असताना काही कळलं नाही. तव्यावर घातली आणि पाच मिनिटांत सगळ्या घरात रॉकेलाचा वास. मसाला, लसूण, कोकमाचं आगळ सगळ्याला भेदून वर आलेला. तेलानं माखलेल्या पाण्यात राहिलेल्या माशाच्या चरबीत ती संयुगं जाऊन बसतात, आणि अगदी कणभर असली तरी माणसाच्या नाकाला कळतात. आईनं तवा तसाच उचलला आणि मोरीत रिकामा केला. त्यानंतर आमच्या घरात बोय आली नाही. बोयीवरची बंदी ना सरकारनं घातली ना डॉक्टरनं, ती त्या वासानं घातली. आणि गिऱ्हाइकांचे बहुतेक निर्णय असेच होतात. जे दिसतं, जे हुंगता येतं, ज्याची किळस येते, त्याचीच भीती वाटते.

पण किळस आणि अपाय या दोन गोष्टी वेगळ्या वाटांनी चालतात. हे मला उशिरा समजलं आणि समजल्यावर मासळीबाजारात शांतपणे उभं राहणं थोडं अवघड झालं.

सगळ्यात जास्त किळस सांडपाण्याची. मुंबईचं सांडपाणी वरळी आणि वांद्र्याहून बोगद्यांतून समुद्रात तीन किलोमीटरहून आत सोडलं जातं. खाड्यांमध्ये तर ते नाल्यांनी थेट येतं. हे वाक्य जेवताना कुणी म्हटलं तर घास फिरतो. आणि तरी, नीट उकळलेल्या कालवणात सांडपाण्यातले जंतू टिकत नाहीत. धोका असतो तो अर्धवट शिजवलेल्या कालवं-तिसऱ्यांत, कारण ती पाणी गाळून जगतात आणि पाण्यातलं सगळं पोटात साठवतात. बाकी मासा आमच्याकडे रटरटवल्याशिवाय कुणी खात नाही. म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त शिसारी, त्याचा बंदोबस्त चुलीवरच होतो.

दुसरं प्लास्टिक. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या माशांत सूक्ष्म प्लास्टिक सापडल्याचे अभ्यास झालेले आहेत, आणि बातमी आली की आमच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर आठवडाभर तीच चर्चा. त्यातलं बरंचसं माशाच्या आतड्यात असतं. बांगडा, पापलेट, हलवा यांचं पोट साफ केलं की ते बऱ्यापैकी जातं. कोलंबीचा काळा धागा आई सुईनं ओढून काढते. तिच्या लेखी ती नुसती 'घाण', पण तो धागा म्हणजे कोलंबीचं आतडंच. प्रश्न उरतो जवळा, करदी अशा चिमुकल्यांचा, कारण ते डोक्या-पोटासकट खाल्ले जातात. सुक्या जवळ्याच्या चटणीशिवाय आमच्याकडे पावसाळा जात नाही. त्याचं काय करायचं, हे मी ठरवलेलं नाही. चटणी चालू आहे.

तिसरा पारा. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. कारखान्यातून किंवा कोळशाच्या धुरातून आलेला पारा पाण्यातल्या गाळात जातो, तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते शेवाळात, शेवाळ खाणाऱ्यांत, त्यांना खाणाऱ्यांत असं वर चढत जातं. दर पायरीला त्याचं प्रमाण वाढतं. आणि ते चरबीत किंवा पोटात नाही, तर मांसात, प्रथिनांना धरून बसतं. त्यामुळे पोट काढा, हळद-मीठ लावून धुवा, आगळात भिजवा, कडकडीत तळा, ते जागचं हलत नाही. दीर्घायुषी, मोठा, इतर माशांवर जगणारा मासा म्हणजे पारा जास्त असण्याची शक्यता. मोरी (म्हणजे शार्क), मोठी सुरमई, कुपा (ट्यूना). आणि लहान, अल्पायुषी, शेवाळावर आणि बारक्या जिवांवर जगणारा मासा म्हणजे पारा कमी. तारली, बांगडा, मांदेली.

आता बाजारातला भाव आठवा. खाडीच्या आणि घाण पाण्याच्या भीतीनं ज्या घरांना परवडतं ती घरं मांदेली-बोंबलाचा वाटा सोडून सुरमईच्या जाड तुकड्यांवर गेली. जास्त पैसे मोजले, म्हणजे जास्त शुद्ध घेतलं, असा हिशोब. ऍपवर तर सुरमईचे तुकडे पांढऱ्या स्वच्छ डब्यात, वर 'केमिकल फ्री'चा शिक्का. पाऱ्याच्या बाबतीत हा हिशोब उलटा पडू शकतो, हे त्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

याचा अर्थ खाडीचं बिनधास्त खावं असा नाही. उल्हास नदीच्या मुखाकडच्या गाळातल्या पाऱ्याचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेला आहे, आणि त्याचा उगम वरच्या अंगाच्या कारखान्यांकडे जातो. गाळात राहणारी चिंबोरी, तिथंच वाढणारी कालवं यांच्यात जड धातू साठतात. आईच्या 'खाडीचं नको'मध्ये तथ्य आहे. पण 'बाहेरचं' म्हटलं की सगळं निर्धोक, या समजुतीला मात्र काही आधार नाही.

पाऱ्याचं नाव निघालं की मिनामाता टाळता येत नाही. जपानमधल्या या गावात चिस्सो कंपनीचा कारखाना होता. १९३२पासून तिथं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना पारा वापरला जाई आणि सांडपाणी खाडीत सोडलं जाई. आधी मांजरं वेड्यासारखी गरगर फिरून पडू लागली. १९५६ साली पहिल्या रुग्णांची अधिकृत नोंद झाली. हात-पाय लुळे, बोलणं अडखळतं, नजर अरुंद होत गेलेली माणसं, आणि जन्मतःच हे सगळं घेऊन आलेली बाळं. १९५९मध्ये कंपनीच्याच इस्पितळातले डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी मांजराला खाऊ घातलं आणि त्या मांजराला तोच आजार झाला. निष्कर्ष दाबला गेला. पारा वापरणारी ती प्रक्रिया बंद व्हायला १९६८ साल उजाडलं.

मला त्या कथेत अडकवतं ते वेगळंच. मिनामाताचे मासे कुणी घेईना. मच्छीमार उपाशी मरू लागले, आणि जे मासे विकले जात नव्हते तेच त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी घरी खाल्ले. त्यांच्यातला कुणी आजारी पडला की शेजारीच ते दडवायला लावत, कारण बातमी फुटली तर उरलासुरला धंदाही बुडेल. गिऱ्हाईक पाठ फिरवून सुटलं. ज्याला पाठ फिरवायला जागा नव्हती तो खात राहिला. कारखाना दोघांच्याही पलीकडे तसाच चालू. पुढे १९७४ साली खाडीच्या तोंडावर जाळं लावून आतले मासे आतच कोंडले, ते जाळं निघालं १९९७मध्ये.

आपल्याकडे इतकं काही झालेलं नाही, असं म्हणून मान फिरवता येते. पण रायगडातल्या तळोजाची कासाडी नदी बघा. तिथल्या कोळ्यांनी मासे संपल्याची ओरड किती काळ केली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. ऑगस्ट २०१७मध्ये औद्योगिक वसाहतीत निळे कुत्रे फिरताना दिसले, रंगाच्या कारखान्याच्या पाण्यात भिजून निळे झालेले, आणि ते फोटो जगभर गेले. लगेच कारवाई झाली, कारखाना बंद पडला. कुत्रा निळा झाला म्हणून दिसला. मासा निळा झाला नाही, तो फक्त नाहीसा झाला. तिकडे चिपळूण-खेडच्या बाजूला लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यावरून दाभोळ खाडीतले भोई वर्षानुवर्षं तक्रारी करताहेत. मेलेल्या माशांचा खच किनाऱ्याला लागला की स्थानिक पानात बातमी येते. आठवड्यानं पान बदलतं.

मधल्या काळात आमच्या घरात प्रदूषणाच्या नावानं खरोखर मांसाहार सोडलेली एक व्यक्ती निघाली, ती माझी भाची. नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला शिकायला गेली आणि दुसऱ्या वर्षी सुट्टीवर आली तेव्हा ताटातलं मटण तिनं नाकारलं.

"सोडलंस म्हणजे? माळ घातलीस की काय?" आईनं विचारलं. आमच्याकडे मटण सोडण्याची मान्यताप्राप्त कारणं ठरलेली आहेत: वारी, नवस, श्रावण, गुरुवार आणि कोलेस्टेरॉल.

"नाही गं आजी, हवामानासाठी."

"कुणासाठी?"

मग भाचीनं समजावलं. गाई-म्हशी-शेळ्या रवंथ करताना मिथेन सोडतात. माणसाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के जनावरांच्या पालनातून येतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा २०१३चा अंदाज आहे, आणि त्यातला मोठा वाटा गोमांस आणि दुधाच्या जनावरांचा. ती राहते त्या देशात तर प्रकरण फार पुढे गेलेलं. एवढ्याशा देशात इतकी गुरं की त्यांच्या शेणामुतातल्या अमोनियानं माती आणि पाणी बिघडलं. २०१९मध्ये न्यायालयाच्या निकालानं हजारो बांधकाम प्रकल्प अडकले, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून महामार्ग अडवले. हार्लेम शहरानं सार्वजनिक जागी मांसाच्या जाहिराती लावायला बंदी घातली. तिथं मटण सोडणं म्हणजे एका चालू भांडणात बाजू घेणं आहे. आपल्याकडे ते भांडण तसं पेटलेलंच नाही, म्हणून आईला ते चमत्कारिक वाटलं.

मी भाचीच्या बाजूनं होते, एका मुद्द्यापर्यंत. आपल्याकडे गाई-म्हशी पाळल्या जातात त्या मुख्यतः दुधासाठी. तेव्हा मिथेनचा हिशोब मांडायचाच तर त्यातला मोठा भाग मटणाच्या वाटीत नाही, श्रीखंडाच्या वाटीत आहे. शाकाहारी ताट म्हणजे आपोआप निर्मळ, हा समज आपल्याकडे आधीच घट्ट आहे. मुंबईत मासे शिजवणाऱ्यांना घर नाकारणाऱ्या सोसायट्या त्याच समजावर उभ्या आहेत. त्यांच्या हाती हवामानाचा आणखी एक दाखला द्यायची मला धास्ती वाटते. भाचीनं हे ऐकून घेतलं, श्रीखंडाची वाटी जवळ ओढली आणि म्हणाली, "ते पुढच्या वर्षी सोडेन." बांगडा मात्र ती खाते. बांगडा-तारलीसारखे थव्यानं फिरणारे मासे पकडायला डिझेल कमी लागतं, कोलंबीसाठी तळ खरवडत फिरणारा ट्रॉलर त्यापेक्षा कितीतरी जास्त जाळतो. तिची यादी आईच्या यादीशी जुळत नाही, पण दोघींच्याही यादीत बांगडा आहे, त्यामुळे घर चालतं.

आणि मग वहिनीचं बाळंतपण आलं.

आमच्याकडे बाळंतिणीला मोरी देतात. मोरी म्हणजे लहान मुशी, शार्कच ती. कोकणात, गोव्यात, पार तमिळ किनाऱ्यापर्यंत हीच रीत, मोरीनं दूध वाढतं म्हणून. काटे नाहीत, पचायला हलकी, खोबरं-धणे-तिरफळ घालून केलेलं मोरीचं मटण माझ्याही तोंडाला पाणी आणतं. वहिनीला डॉक्टरांनी गरोदरपणातच यादी दिली होती. मोठे शिकारी मासे नकोत, शार्क तर नकोच, आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत हीच यादी. आईला हे सांगायची जबाबदारी दादावर आली आणि तो नेहमीप्रमाणे माझ्या मागे लपला.

"तुमच्या दोघांच्या वेळी मी महिनाभर मोरी खाल्ली," आई म्हणाली. "काय बिघडलं तुमचं?"

"दादाकडे बघून सांग," मी म्हटलं.

ती चार दिवस बोलली नाही. अळिवाचे लाडू, मेथी, डिंक यांचा मारा चालू राहिला, पण मोरीचा विषय निघाला की भांडी जरा जोरात आपटली जायची. तिचं म्हणणं मला कळत होतं. जहाजं बुडाली, खाडी गेली, कोलंबी तळ्यातली झाली, आता बाळंतिणीच्या पथ्यातही डॉक्टर हात घालणार. मी तिला पाऱ्याचं सगळं समजावलं. लहान मासा, मोठा मासा, वर चढत जाणं. तिनं नुसतं ऐकलं. एकच प्रश्न विचारला, "म्हणजे वय झालेला वाईट?" मी म्हटलं, माशांत तरी तसंच आहे.

पाचव्या दिवशी तिनं पिशवी घेतली आणि मला बरोबर चल म्हणाली. बाजारात कोळीण सुरुवात करणारच होती, "बाहेरचं हाय..." तिला आईनं हातानंच थांबवलं.

"कुठलं ते नको सांगू. मोरी केवढी होती ते सांग."

कोळीण गोंधळली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. मग तिनं कोपर टेकवून हाताची लांबी दाखवली. "पिल्लू हाय गो, एवढंसं. मोठी मी ठेवीतच नाय, मोठी हॉटेलवाले नेतात."

पिल्लंच धरायला लागलो तर उद्या दर्यात मोरी उरणार कशी, हा प्रश्न माझ्या तोंडापर्यंत आला होता. आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून तो मी तूर्त गिळला. तिनं कल्ला पाहिला, पोट दाबलं, नाकाशी धरलं, भावात घासाघीस केली आणि अर्धा किलो घेतली, शिवाय तारलीचा एक वाटा. वहिनीनं मोरीला हात लावला नाही. तिनं तारलीचं तिखलं आणि भात खाल्ला, मोरी दादानं आणि मी संपवली.